पाच नावांचं कार्ड

पत्र थोडक्यात : पत्रलेखिका पंचेचाळिशीच्या, ख्रिस्ती, मूळच्या नगर जिल्ह्यातल्या. वीस वर्षं पिंपरी-चिंचवडमध्ये राहतात, शाळेच्या ऑफिसात नोकरी करतात. शेजारच्या काकांच्या किडन्या निकामी झाल्या आणि नऊ महिने आठवड्यातून तीनदा डायलिसिस चाललं. त्या काळात ह्यांनी काकूंना डबा दिला, रिक्षा मिळाली नाही की स्कूटरवरून दवाखान्यात सोडलं, रात्री-अपरात्री दार उघडलं. मध्येच त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रत्येकाला एक कार्ड वाटलं गेलं. वर मथळा : ‘ज्यांना मी प्रभूविषयी सांगणार आहे’. खाली पाच रेघा. पहिल्या रेघेवर त्यांनी काकूंचं नाव लिहिलं. एका रात्री दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये काकू म्हणाल्या, “तुझ्या येशूला सांग ना गं ह्यांचं.” ह्या नुसतं “हो” म्हणाल्या आणि घरी येऊन प्रार्थना केली. दीड महिन्यापूर्वी काका गेले. तेराव्यानंतर काकू म्हणाल्या, “देवच तुझ्या रूपानं आला बघ.” ह्या गप्प राहिल्या. मंडळीतली मैत्रीण आता म्हणते, दोन-दोन संधी चालून आल्या आणि तू दवडल्यास, नऊ महिने फुकट गेले. तिकडे काकूंच्या मुलानं हसत हसत विचारलं, “आईला तुमच्याकडे ओढायचा विचार नाही ना?” तेव्हापासून डबा नेताना पाय अडखळतो. काकूंनी दिलेला सत्यनारायणाचा प्रसाद घरी आणून कचऱ्यात टाकला, तेही मनाला लागून राहिलंय. शेवटी त्या विचारतात : मी भित्री आहे का? आणि उद्या डबा न्यावा की नको?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण त्याला मुदत आहे. डबा न्या. उद्याही आणि परवाही. बाकीचं सावकाश बोलू.

तुमच्या पत्रात ‘संधी’ हा शब्द अकरा वेळा आलाय. मी मोजले. प्लॉटचा भाव उतरला की संधी, साहेब खूश दिसला की संधी, समोरच्यानं झेल सोडला की संधी. ह्या शब्दात समोरचा माणूस नेहमी थोडा बेसावध असतो आणि आपण टपून असतो. तुमच्या पाळकसाहेबांनी, चर्चच्या धर्मगुरूंनी, बायबलमधल्या पौलाच्या कलस्सैकरांस पत्रातलं चौथ्या अध्यायातलं वचन धरून उपदेश केला, असं तुम्ही लिहिलंय : संधी साधून घ्या. वचन खरंच आहे. पण त्याच ओळीत त्याच्या आधी पौल सांगतो की बाहेरच्यांशी सुज्ञपणे वागा, आणि लगेच पुढच्या ओळीत म्हणतो की बोलणं मिठानं रुचकर केल्यासारखं असावं, म्हणजे कोणाला कसं उत्तर द्यायचं ते कळेल. उत्तर, ताई. उत्तर द्यायचं म्हणजे आधी कोणीतरी काही विचारलेलं असतं. आणि मिठाचं तुम्हाला मी काय सांगू? नऊ महिने काकांसाठी बिनमिठाची भाजी वेगळी काढणाऱ्या बाईला मीठ किती आणि कोणाच्या ताटात, हे कोणत्याही उपदेशकापेक्षा जास्त कळतं.

आता त्या कार्डाकडे वळते. ज्यांनी ते छापलं त्यांच्या मनात वाईट काही होतं, असं मी म्हणणार नाही. माणसं आपापल्या घरात आणि आपापल्या मंडळीत गुरफटून जातात, शेजारी कोण राहतो ह्याचा पत्ता नसतो. निदान पाच नावं तरी आठवा, एवढाच हेतू असेल. पण एक साधी परीक्षा करून बघा. ते कार्ड काकूंना दाखवता येईल का? “काकू, हे बघा, पहिलं नाव तुमचं” असं म्हणून त्यांच्या हातात देता येईल का? तुम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करता हे त्यांना सांगता येतं, त्यांना ते आवडेलही. मग कार्ड का दाखवता येत नाही? कारण त्या कार्डावर त्या तुमच्या शेजारीण राहिलेल्या नाहीत, एक काम झाल्यात. काकूंना ते कार्ड न बघताही कधीतरी जाणवेल. माणसाला कळतं हो, आपल्याकडे कोणी बघतंय की आपल्या पलीकडे काही बघतंय. मुलाला तर जाणवलंच आहे.

मला हे शहाणपण पुस्तकातून आलेलं नाही. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीचा भूकंप झाला. मी तेव्हा कॉलेज संपवून नुकती शिकवायला लागले होते. आमच्या चर्चच्या तरुणसंघानं ट्रक भरून ब्लँकेटं नेली. निघायच्या आदल्या रात्री आम्ही मुलींनी बसून प्रत्येक ब्लँकेटच्या घडीत एकेक सुवार्तापत्रिका, येशूचा संदेश छापलेला कागद, सरकवली. फार उत्साहात केलं ते, गाणी म्हणत. तिथे एका गावात पत्र्याच्या आडोशाला एक म्हातारेबुवा बसले होते. मी ब्लँकेट दिलं. त्यांनी ते उलगडलं, पत्रिका खाली पडली. ती त्यांनी उचलली, मांडीवर ठेवून हातानं सपाट केली आणि डावा अंगठा पुढे करून मला विचारलं, “बाई, कुठं लावू?”

आठ दिवस ते हेच करत होते. तांदूळ घेतला की अंगठा, ताडपत्री घेतली की अंगठा. त्यांना वाटलं, ही ब्लँकेटची पावती.

मी काय बोलले ते आता आठवत नाही, बहुधा काहीच बोलले नाही. पत्रिका परत घेतली एवढं आठवतं. परतीच्या वाटेवर ट्रकमध्ये कोणीतरी हिशेब सांगत होतं, इतक्या पत्रिका गेल्या म्हणून. ज्याचं घर, बैल, नातवंडं सगळं मातीखाली गेलंय, त्याला आम्ही एक कागद असा दिला होता की त्याला तो कर्जाच्या कागदासारखा वाटला.

म्हणजे येशूचं नाव काढूच नये का? तसंही मी म्हणत नाही. इथे मला तुमचा थोडा राग आला, तो सांगून टाकते.

तुम्ही दोन प्रसंग एकाच पारड्यात टाकलेत. ते एक नाहीत. तेराव्यानंतर काकू म्हणाल्या, देव तुझ्या रूपानं आला. त्या तुमचे आभार मानत होत्या आणि रडत होत्या. तिथे गप्प राहून त्यांचा हात धरणं ह्यात काही चुकलं नाही. त्या क्षणी तुम्ही ‘देव म्हणजे नक्की कोण’ हे समजवायला बसला असता, तर मला तुमचं पत्र वेगळ्या कारणानं आलं असतं. पण कॉरिडॉरमधली रात्र वेगळी होती. तिथे एका बाईनं स्वतःहून, तुमच्या देवाचं नाव घेऊन, तुमच्याकडे काहीतरी मागितलं. ‘तुझ्या येशूला सांग’ म्हणाली. ते तुम्ही रचलेलं नव्हतं, कार्डावर लिहिलेलं नव्हतं. ती तहानेली होती आणि तुम्ही “हो, घरी गेल्यावर देते पाणी” म्हणालात.

का? तुम्हीच लिहिलंय : “आजूबाजूला लोक होते.” दवाखान्याच्या बाकांवर बसलेल्या लोकांना काय वाटेल, ही भीती तुमची होती. काकूंना तुमची प्रार्थना नको होती म्हणून तुम्ही थांबला नाहीत. तर भित्री आहात का? त्या रात्रीपुरत्या होतात, थोड्या. मीही अनेकदा असते. येशूचा शिष्य पेत्र तर कोंबडा आरवायच्या आधी तीनदा ‘मी त्याला ओळखत नाही’ म्हणाला, आणि पुढे त्याच माणसानं आपल्या पत्रात लिहिलं की तुमच्या आशेविषयी कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यपणे द्या. ‘विचारलं तर’ आणि ‘सौम्यपणे’ हे दोन्ही तोच लिहितो. ज्यानं घाबरून खोटं बोलून पाहिलंय आणि तलवारीनं कोणाचा तरी कान कापूनही पाहिलाय, त्याच्याकडून हे आलंय, म्हणून मला ते पटतं.

त्या रात्री एवढंच पुरलं असतं : “सांगते ना. इथंच सांगू, की मनात सांगू?” काकू ‘इथंच’ म्हणाल्या तर दोन वाक्यं, साध्या मराठीत. “प्रभू, काकांना आजची रात्र सोपी जाऊ दे. काकूंना झोप दे.” आमेन. एवढीच. आपल्या लोकांना प्रार्थना सुरू केली की थांबता येत नाही, आणि दुसऱ्याच्या दुःखाच्या निमित्तानं देवाला सांगता सांगता शेजारच्यालाच उपदेश करण्याची एक वाईट खोड आहे. ती नको.

गप्प राहण्याचीही एक सोयीस्कर धार्मिकता असते. “मी बोलत नाही, माझं वागणं हीच माझी साक्ष” असं म्हणणारे बरेच जण मला लिहितात. काहींचं खरं असतं. काहींना फक्त ऑफिसात वेगळं दिसायचं नसतं, नाताळची रजासुद्धा ‘घरी कार्यक्रम आहे’ म्हणून टाकतात. कोणी सरळ विचारलं की एवढं बळ तुला येतं कुठून, आणि आपण “असंच हो, सवय झालीय” म्हणालो, तर तो विनय नव्हे. विचारणाऱ्याला आपण फसवलेलं असतं.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची गोष्ट तुम्हाला नगरचीच असल्यामुळे पाठ असेल. 1893 साली टिळक नागपूरहून राजनांदगावला निघालेले, डब्यात एक गोरा सहप्रवासी भेटला. गप्पा झाल्या, संस्कृत काव्यावर आल्या, मग धर्मावर आल्या आणि उतरताना त्यानं टिळकांच्या हातात नवा करार ठेवला. 1895 च्या फेब्रुवारीत टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. ही गोष्ट आपल्या व्यासपीठांवरून नेहमी एकाच बाजूनं सांगितली जाते : बघा, त्यानं संधी सोडली नाही! मला त्यात दुसरंच दिसतं. तो आधी काव्यावर बोलला, म्हणजे समोर कोण बसलाय हे त्यानं पाहिलं. मग लपवाछपवी न करता आपलं पुस्तक दिलं. आणि मग आपल्या वाटेनं गेला. टिळकांना त्याचं नावसुद्धा कळलं नाही. पुढे काय झालं हे विचारायला तो आला नाही. पुस्तक वाचणं, भांडणं, वर्ष-दीड वर्ष तळमळणं, हे टिळकांचं टिळकांनी केलं. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना तर नवऱ्यानंतर आणखी पाच वर्षं लागली. 1900 साली त्या आल्या त्या स्वतःच्या पायांनी, जातपातीच्या खोटेपणाचा स्वतःशी निकाल लावून. टिळक नवरा होते, त्या काळातले नवरे. दरडावू शकले असते.

आता तुमची मैत्रीण म्हणते ते ‘नऊ महिने फुकट गेले’. तिला विचारा, पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत जोतीराव फुले शिकले, ती वर्षं फुकट गेली का? जोतीराव ख्रिस्ती झाले नाहीत. कार्डावर त्यांच्या नावापुढे बरोबरची खूण कधीच झाली नसती. पण नगरची मिशनची मुलींची शाळा बघून आले आणि 1848 साली पुण्यात त्यांनी मुलींची शाळा काढली. लूकच्या शुभवर्तमानातल्या सतराव्या अध्यायात येशू दहा कुष्ठरोग्यांना बरं करतो आणि आभार मानायला परत येतो एकच, तोही शोमरोनी, म्हणजे यहुदी ज्यांना परके मानत त्यांच्यातला. बाकीचे नऊ कुठे आहेत, असं येशू विचारतो. त्याला वाईट वाटलेलं दिसतं. पण त्या नऊ जणांचं कातडं काही पुन्हा खराब झालं नाही. दिलेलं त्यानं परत घेतलं नाही.

काकांना नऊ महिने बेताचं, चवीचं, घरचं खायला मिळालं. ते गेले तेव्हा त्यांची बायको एकटी नव्हती. ह्यात फुकट काय गेलं ते मला दिसत नाही. मैत्रिणीशी भांडू मात्र नका. तिच्या घरी कोणी असं आजारी असेल तेव्हा तीही डबाच नेईल, पत्रिका नेणार नाही. तोंडानं बोलणं सोपं असतं म्हणून ती बोलली.

मुलाचा प्रश्न तुम्हाला झोंबलाय. “इतकं करूनही असं विचारतो” असं तुम्ही लिहिलंय. ‘इतकं करूनही’ हे शब्द खोडा, ताई. केलेलं मोजायला लागलो की कार्ड पुन्हा खिशातून बाहेर येतं. आणि तो प्रश्न तुम्हाला अन्यायाचा वाटला तरी तो आकाशातून पडलेला नाही. पंडिता रमाबाईंचं शारदा सदन आठवा. 1889 साली मुंबईत सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्याला आलं. विधवा मुलींसाठीचं घर, कोणाच्याही धर्मात ढवळाढवळ करणार नाही असं सांगून काढलेलं. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, आपल्या खोलीत प्रार्थना करायच्या आणि दार लावून घ्यायच्या नाहीत. काही मुली येऊन बसायला लागल्या. शहरात गदारोळ झाला, 1893 साली रानडे, भांडारकर ह्यांच्यासारख्या सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या.

दार उघडं ठेवण्यात रमाबाईंचं चुकलं, असं मला आजही वाटत नाही. स्वतःच्या खोलीत बाईनं चोरून का प्रार्थना करावी? पण ज्यांच्या मुली त्या छपराखाली जेवत-झोपत होत्या, त्या पालकांची भीती अगदीच निराधार होती असंही म्हणवत नाही. जो आपल्या अन्नावर आहे तो ‘नाही’ किती मोकळेपणानं म्हणू शकतो, हा प्रश्न खराच आहे. काकूंच्या मुलाचा प्रश्न तोच आहे. बाप गेलाय, तो पुण्यात नाही, आई एकटी आहे, आणि शेजारीण फार चांगली आहे. इतकी चांगली का, असं त्याला वाटलं. मी त्याच्या जागी असते तर विचारलं असतं. हसत विचारलं नसतं इतकंच.

म्हणून त्याला टाळू नका. पुढच्या वेळी तो आला की आईसमोरच सांगा, एकटा गाठून नको. काहीसं असं : “तू विचारलंस ते बरं झालं. मी चर्चला जाते, तुझ्या बाबांसाठी रोज प्रार्थना करत होते, आता आईसाठी करते. आईचा देव आईचा. तिनं मला काही विचारलं तर खरं ते सांगेन, लपवणार नाही. तिनं नाही विचारलं तरी डबा येत राहील. तुला कधी काही खटकलं तर सरळ मला फोन कर.” ह्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. आणि एकदा बोललात की पाळावं लागेल.

कायद्याचंही तुम्ही विचारलंय. घटनेच्या 25 व्या कलमानं धर्म पाळण्याचा, उघडपणे मानण्याचा आणि त्याचा प्रचार करण्याचा हक्क दिलाय. 1977 च्या स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्याची मर्यादा सांगितली : प्रचार म्हणजे आपल्या धर्माची तत्त्वं सांगणं, दुसऱ्याचं धर्मांतर घडवणं हा हक्क नव्हे. निरनिराळ्या राज्यांचे कायदे बळजबरी, फसवणूक, आमिष ह्या शब्दांभोवती फिरतात आणि बदलतही राहतात, त्यामुळे मंडळी म्हणून काही उपक्रम करायचा तर वकिलाला विचारूनच करा. शेजारणीला डबा देणं हा उपक्रम नाही. तो उपक्रम व्हायला लागला की मात्र तुम्हाला वकिलाच्या आधी स्वतःला विचारावं लागेल.

ह्याच धर्तीची पत्रं परिचारिका, शिक्षक, घरकामाला बाई ठेवणाऱ्या गृहिणी ह्यांचीही येतात, म्हणून त्यांच्यासाठी इथेच लिहून टाकते. सलाईन लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. चौथीतलं पोर बाईंना ‘नको’ म्हणू शकत नाही. पगार तुमच्या हातात असलेली मावशी तुमच्या प्रार्थनासभेला नाइलाजानं येईल आणि कोपऱ्यात बसून भांड्यांचा विचार करेल. जिथे आपला हात वर आहे तिथे तोंड आवरायचं. त्यांनी विचारलं तरी उत्तर थोडक्यात, आणि जमलं तर ड्यूटी संपल्यावर. मिरजेच्या मिशन दवाखान्यात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून लोक शस्त्रक्रियेला जात आले. ती माणसं पोटातला गोळा काढून घ्यायला जात होती, हे काम करणाऱ्यानं एक मिनिटही विसरून चालत नाही.

प्रसादाचं बोलायचं राहिलं. मूर्तीपुढे ठेवलेलं खावं की नाही, ह्यावर बायबलच्या काळात करिंथ शहरातल्या मंडळीत भांडणं झाली, आपल्या मंडळ्यांतही होतात, आणि मी इथे निवाडा देणार नाही. तुमच्या विवेकाला चालत नसेल तर खाऊ नका. पण घेऊन कचऱ्यात टाकणं हा दोन्हीकडून तोटा. काकूंचा मान राहिला नाही आणि तुमचा विवेकही साफ राहिला नाही. हात जोडून सांगता येतं : “काकू, आमच्यात प्रसाद घेत नाहीत, राग मानू नका. पण शिरा तुम्ही एरवी कराल तेव्हा मला वाटीभर हवाच.” काकू साठीच्या आहेत, आमच्यात-तुमच्यात हे त्यांनी जन्मभर पाहिलंय. उपवासाला कांदा न खाणाऱ्या बाईला न खाण्याचं कारण समजतं.

तर आता पुढे काय. लक्ष ठेवायचंच आहे ना? मग ज्यावर ठेवायला हवं त्यावर ठेवा. दीड महिना झालाय. पाहुणे गेले, फोन थांबले. आता कागद सुरू होतील. मृत्यूच्या दाखल्याच्या भरपूर प्रती काढून ठेवा, प्रत्येक टेबलावर एक लागते. बँकेचं खातं, काकांचं निवृत्तीवेतन असेल तर ते काकूंच्या नावानं होणं, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, गॅसची जोडणी, विजेचं बिल. तुम्ही ऑफिसात काम करता, अर्ज कसा लिहायचा आणि पोच कशी घ्यायची हे तुम्हाला येतं. मुलाला विचारून, त्याच्याबरोबर मिळून करा. त्याचा विश्वास प्रवचनानं बसणार नाही, पोचपावत्यांच्या फाइलीनं बसेल.

दिवाळी येतेय. यंदा त्यांच्याकडे दिवाळी नाही, कढई चढणार नाही. तुमच्याकडे नाताळच्या करंज्या डिसेंबरात होतात. ह्या वर्षी त्या आधी करा आणि काकूंकडे न्या. आणि जानेवारीत संक्रांत. सोसायटीत हळदीकुंकू होईल, बायका ह्या दारातून त्या दारात जातील, आणि काकूंच्या दाराची बेल वाजणार नाही. कोणी मुद्दाम करणार नाही, पण वाजणार नाही. त्या संध्याकाळी तुम्ही घरी असा. काकूंना जेवायला बोलवा, नाहीतर दोघी बाहेर पडा, कुठेतरी मस्तानी खा. नाताळच्या उपासनेला यायचं का, हेही खुशाल विचारा, जसं त्यांनी तुम्हाला इतकी वर्षं गणपतीला बोलावलं तसं. ‘नको’ म्हणाल्या तर ‘बरं’. मुलाला कळेल म्हणून घाबरून लपवून नेऊ नका, त्यालाही बोलवा.

कार्डाचं काय करायचं? पाळकसाहेबांना जाऊन भेटा. तक्रार म्हणून नको. त्यांना कॉरिडॉरचीही गोष्ट सांगा आणि मुलाचीही. मथळा बदलायला त्यांची तयारी असेल असं मला वाटतं. ‘ज्यांच्यासाठी मी प्रार्थना करते’ असं लिहिलं तर ते कार्ड फ्रिजवर लावता येईल, काकू चहाला आल्या तरी काढावं लागणार नाही. पाळकसाहेब नाही म्हणाले तर तुमच्या कार्डावर पेननं तुम्ही बदला.

आणि एक गोष्ट. पत्राच्या चौथ्या पानावर तुम्ही कंसात एक ओळ लिहिलीय आणि पुढे गेलात. आधी डबा कधी रिकामा परत यायचा नाही म्हणे. कधी लिंबाचं लोणचं, कधी गॅलरीतल्या कुंडीतल्या कढीपत्त्याच्या दोन डहाळ्या. काका गेल्यापासून डबा घासूनपुसून रिकामा येतो.

ताई, नऊ महिने देणाऱ्या तुम्ही एकट्या नव्हता. ती बाई दवाखान्यातून येऊन, नवऱ्याला झोपवून, तुमच्या डब्यात काय घालावं ह्याचा विचार करत होती. आता तिला वाटतंय आपल्याकडे देण्यासारखं काही उरलं नाही. शोमरोनी बाईशी विहिरीवर बोलायला लागला तेव्हा येशूनं आधी काय केलं? दमला होता, तहान लागली होती, तिच्याकडे पाणी मागितलं. पुढचं सगळं बोलणं त्यानंतर.

उद्या डबा द्याल तेव्हा कढीपत्ता मागा. “घरातला संपलाय” म्हणा. आज रात्रीच आमटीत घालून संपवून टाका, म्हणजे खोटं बोलावं लागणार नाही.